एका आकड्यासाठी अख्खं दुकान बंद

तारीख पक्की लक्षात आहे. मंगळवार, २४ फेब्रुवारी २००९. मंदीचे दिवस होते. ‘आपल्याकडे कुणाला काढणार?’ ही हिंजवडीतल्या आमच्या कँटीनमधली रोजची चर्चा. त्या दिवशी केंद्र सरकारने सेवाकर १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला. उपकर धरला तर १२.३६ वरून १०.३० वर. आणि तोही त्याच दिवसापासून. घरी टीव्हीसमोर बसलेले बाबा खूष झाले, ‘‘चला, फोनचं बिल कमी होणार!’’ माझ्या पोटात मात्र गोळा आला.

कारण तेव्हा मी एका आरोग्य विमा कंपनीच्या वेब ॲप्लिकेशनवर काम करत होते. त्या कंपनीच्या साठेक शाखा, आणि प्रत्येक शाखेच्या काउंटरवर आमचंच ॲप्लिकेशन उघडलेलं. नवी पॉलिसी, नूतनीकरण, प्रीमियमची पावती, क्लेम, एजंटांचं कमिशन... सगळं त्यातच. आणि हे सगळं एका ‘वॉर’ फाइलमध्ये कोंबलेलं. वॉर म्हणजे युद्ध नव्हे, ‘वेब ॲप्लिकेशन आर्काइव्ह’. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे ते युद्धच होतं.

करायचं काय होतं? १२.३६ च्या जागी १०.३०. बस्स. एक आकडा. तुमच्या मोबाइलमध्ये मित्राचा नंबर बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढं काम. पण तो आकडा कोडमध्ये चौदा ठिकाणी लिहिलेला निघाला. एका हुशार माणसाने तर ‘मूळ रक्कम अधिक कर’ एका झटक्यात काढायला १.१२३६ ने गुणलं होतं, त्यामुळे ०.१२३६ शोधलं की ते सापडायचंच नाही. रात्रभर शोधाशोध करून सकाळी नवी वॉर फाइल तयार केली. शाखांमध्ये तोवर जुन्याच दराने पावत्या फाटायला लागल्या होत्या. रात्रीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. बुधवारी दुपारी पाऊण वाजता सर्व्हर बंद केला, नवी फाइल टाकली, सर्व्हर सुरू केला. अकरा मिनिटं लागली.

बाराव्या मिनिटाला फोन वाजला. सोलापूर शाखेतल्या बाई होत्या.

‘‘मॅडम, माझा फॉर्म गेला की सगळा. पाऊण भरत आला होता.’’

मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, ‘‘सॉरी मॅडम, तातडीचं मेंटेनन्स होतं. पुन्हा लॉगिन करून भरा ना.’’

‘‘मी भरीन हो. पण समोर आजोबा बसलेत सकाळपासून. आजींच्या सगळ्या आजारांची यादी त्यांनी आठवून आठवून सांगितली मला. ती पुन्हा सांगा म्हणून मी कुठल्या तोंडाने म्हणू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फोन ठेवल्यावर पहिल्यांदा जाणवलं, की आम्ही ‘डाउनटाइम’ म्हणतो ती अकरा मिनिटं नसतात. साठ शाखांमधल्या साठ काउंटरांवर समोर बसलेल्या माणसांची ती अकरा मिनिटं असतात. वर त्यांनी पुन्हा सांगायचे आजार वेगळेच.

सगळे एकाच खोलीत

त्याच संध्याकाळी आमच्या टीम लीडने व्हाइटबोर्डवर एक मोठा चौकोन काढला. ‘‘हे आपलं ॲप्लिकेशन,’’ तो म्हणाला. ‘‘दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसांचं बिऱ्हाड. एकाला कूस बदलायची तर सगळ्यांना उठावं लागतं.’’ मग त्याने चौकोनाचे तुकडे केले आणि म्हणाला, ‘‘हे तुकडे असे वेगळे करायचे, की चालू ॲप्लिकेशनमधून एक काढून दुसरा बसवता यावा. बाकीच्यांनी आपलं काम करत राहायचं.’’

आम्हाला वाटलं, गडी थकलाय. चालत्या एसटीचं चाक बदलायला निघालाय!

पण असं करता येतं, आणि त्याची रीतसर सोय जावामध्ये आधीच झालेली होती. तिचं नाव ओएसजीआय. १९९९ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन तिचा पाया घातला, तो वेब ॲप्लिकेशनसाठी नव्हताच. घराघरांत इंटरनेटशी जोडलेली एक पेटी असेल, तिच्यावर वेगवेगळ्या सेवा चालतील, आणि त्या पेटीला हात न लावता, ती बंद न करता, दुरूनच एखादी सेवा बदलता आली पाहिजे, अशी ती मूळ गरज. पुढे २००४ मध्ये एक्लिप्सची ३.० आवृत्ती आली, ती ह्याच पायावर उभी होती. म्हणजे ज्या एक्लिप्समध्ये आम्ही रोज आठ-दहा तास कोड लिहायचो, त्याच्या पोटात हेच चाललेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. काखेत कळसा!

कल्पना तशी सोपी आहे. ॲप्लिकेशनचे तुकडे करायचे, त्याला ओएसजीआयवाले ‘बंडल’ म्हणतात. प्रत्येक बंडलसोबत एक छोटी चिठ्ठी असते, मॅनिफेस्ट. तिच्यात चार गोष्टी: माझं नाव काय, माझी आवृत्ती कितवी, मी इतरांना काय देतो आणि मला इतरांकडून काय लागतं. चिठ्ठीत जे ‘देतो’ म्हणून लिहिलेलं नाही, ते बाहेरच्या कुणाला दिसतच नाही. साध्या जावामध्ये एका जार फाइलमधलं जवळजवळ सगळं दुसऱ्याला मोकळं असायचं. कुणीही कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडावेत, तसं. इथे प्रत्येकाच्या दाराला कडी.

आणि ह्या सगळ्यांवर एक देखरेख करणारी चौकट असते. बंडल आणून ठेवलं की ते ‘इन्स्टॉल्ड’. त्याला जे जे लागतं ते सगळं मिळालं की ‘रिझॉल्व्ह्ड’. कामाला लागलं की ‘ॲक्टिव्ह’. एक काळी खिडकी उघडायची, एक छोटी आज्ञा द्यायची, की कोण कुठल्या अवस्थेत आहे त्याची यादी समोर. थांब म्हटलं की एकच थांबतं. नवं घे म्हटलं की तेवढंच बदलतं.

आम्ही जाम खूष. टॉमकॅट सर्व्हर जुनाच ठेवायचा, त्याच्या पोटात ही चौकट बसवायची आणि ॲप्लिकेशनचे तुकडे पाडायला घ्यायचे, असं ठरलं. मॅनेजरने तीन महिने दिले. आम्हाला वाटलं, दोन महिन्यांत होईल.

वाटणी नंबर एक

तुकडे पाडले ते आम्हाला सुचले तसे. स्क्रीन दाखवणारं सगळं एकीकडे, हिशेब करणारं सगळं दुसरीकडे, डेटाबेसशी बोलणारं तिसरीकडे. सगळ्यांनाच लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टींचं एक बंडल केलं आणि त्याला नाव दिलं ‘कॉमन’. ज्याला ज्याची जागा ठरवता येईना, त्याने ते ‘कॉमन’मध्ये टाकलं. प्रत्येक घरात माळा असतो ना, तसा. एकूण बंडलं झाली तेवीस.

मग मॅनेजरसमोर डेमो. ‘‘सर, आता चालू ॲप्लिकेशनमध्ये तारीख छापायची पद्धत बदलतो, बघा.’’ ती पद्धत अर्थातच ‘कॉमन’मध्ये होती. नवं ‘कॉमन’ टाकलं. काहीच बदललं नाही.

त्याचंही कारण आहे. बंडल नवं आणलं तरी त्याच्याकडून काही घेणारी बाकीची बंडलं जुन्यालाच धरून राहतात. त्यांना नव्याशी जोडायचं तर ‘रिफ्रेश’ अशी आज्ञा द्यावी लागते. आणि रिफ्रेश म्हटलं, की त्या बंडलावर अवलंबून असलेली सगळी आधी थांबतात आणि मग पुन्हा सुरू होतात.

आम्ही रिफ्रेश म्हटलं. तेवीसपैकी एकोणीस बंडलं धडाधड थांबली.

खोलीत शांतता. मॅनेजर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘म्हणजे आधी एक गोष्ट बंद पडायची, आता एकोणीस पडतात. बरोबर?’’

त्या शुक्रवारी मी वाईजवळच्या आमच्या गावाला निघून गेले. एक तर तोंड लपवायचं होतं. दुसरं, आमच्या घरातही त्याच दिवसांत वाटणी चालली होती.

विहीर

आजोबा गेल्यावर दोन वर्षांनी बाबा आणि काकांनी ठरवलं, वेगळं व्हायचं. भांडण नाही. बाबा पुण्यात, काका गावात, मुलं मोठी झालेली. वेळेवर केलेलं बरं, एवढंच. घर मधोमध, पडवीतून भिंत. शेतात बांध. मला वाटलं होतं ह्या दोन गोष्टींवरच रात्र जाईल. त्या अर्ध्या तासात संपल्या. कागदावर घराला चार ओळी, शेताला सहा.

रात्र गेली ती विहिरीवर. विहिरीचे दोन तुकडे करता येत नाहीत ना! ती राहणार सामाईक. मग मोटर एकच, तिचं काय? विजेचं मीटर अजून आजोबांच्या नावावर. पाण्याच्या पाळ्या कशा? मोटर जळाली तर निम्मं-निम्मं, पण दुरुस्तीला कोण नेणार? कुणाला मोठा पाइप टाकायचा असेल तर दुसऱ्याला आधी सांगायचं का? किती दिवस आधी? सगळं लिहून काढलं तर विहिरीला दोन पानं लागली.

मी काकांना म्हटलं, ‘‘काका, एवढं बारीकसारीक कशाला लिहिताय? तुम्ही सख्खे भाऊ ना!’’

काका म्हणाले, ‘‘अगं, माझ्या घरात मी चूल कुठं मांडतो ते तुझ्या बापाला कळायची गरज नाही. ते लिहायचं नाही. पण विहिरीचं लिहायचंच. आम्ही दोघं आहोत तोवर चालंल. उद्या तुम्ही पोरं असाल.’’

सकाळी बाबा परसात एक सिमेंटची टाकी बांधायची म्हणून गवंड्याशी बोलत होते. ‘‘आपली पाळी नसेल, नाही तर मोटर बंद असेल, तेव्हा काय करणार? तेवढ्यापुरतं पाणी आपल्या दारात पाहिजे.’’

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. आम्ही तीन महिने ऑफिसात भिंती घालत होतो. विहिरीचा कागद कुणी लिहिलाच नव्हता. आणि टाकी? टाकी तर डोक्यातही आली नव्हती.

वाटणी नंबर दोन

सोमवारी टीम लीडला हे सांगितलं तर तो हसला आणि त्याने मला १९७२ मधला एक लेख वाचायला दिला. डेव्हिड पार्नास नावाच्या संगणकशास्त्रज्ञाचा, प्रोग्रॅमचे तुकडे कसे पाडावेत ह्याविषयीचा. माझ्या जन्माच्या आधीचा लेख, पण वाटलं आमच्याच डेमोनंतर लिहिलाय. पार्नास म्हणतो, काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने तुकडे पाडू नका. आधी पुढेमागे बदलतील अशा निर्णयांची यादी करा. मग एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवा. म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना कळायला नको.

आम्ही कॉन्फरन्स रूममध्ये बसून यादी केली. आमच्या धंद्यात काय बदलतं? कर बदलतो. प्रीमियमचे दर बदलतात. एजंटचं कमिशन बदलतं. पावतीचा नमुना बदलतो. बँकेशी बोलायची पद्धत बदलते. आमच्या पहिल्या वाटणीत ह्यातला कुठलाही एक बदल करायचा म्हटला तर स्क्रीन, हिशेब आणि डेटाबेस अशा तिन्ही घरांत शिरावं लागत होतं. आता प्रत्येक बदलाला आपापलं घर मिळालं. ‘कर’ नावाचं एक बंडल झालं. त्याने करापुरतं स्क्रीनवर काय दाखवायचं, हिशेब कसा करायचा, साठवायचं काय, ते त्याचं त्याने बघायचं.

तुम्ही म्हणाल, आकडाच बदलायचा ना? तो डेटाबेसमधल्या एखाद्या तक्त्यात ठेवला की झालं! आम्हीही तेच म्हटलं, आणि ठेवलाही. पण दर वेळी नुसता आकडा बदलत नाही, कधी नियमच बदलतो. ते पुढे सांगते.

मग विहीर. सगळ्यांना जे सामाईक लागतं तेवढंच एका वेगळ्या बंडलमध्ये घेतलं. ‘मला एवढी रक्कम आणि ही तारीख द्या, मी तुम्हाला कर सांगीन’, एवढं वचन. ते कसं पाळायचं, त्यातलं काहीही नाही. टीममध्ये ह्या बंडलाचं नाव ‘विहीर’च पडलं. तिच्यात काही बदलायचं तर मीटिंग घ्यायची, आवृत्तीचा आकडा वाढवायचा, असा नियम केला. ‘कॉमन’चा माळा आवरला. त्यातलं निम्मं कुणीच वापरत नव्हतं.

आता ‘कर’ बंडल बदललं तर थांबायचं तेवढं एकच. डेमोची तयारी करताना आम्ही दहा वेळा बदलून बघितलं. मस्त. अकराव्या वेळी टेस्टिंगवाल्या मुलीने हाक मारली, ‘‘इकडे बघ, काय एरर आलीय!’’

स्क्रीनवर जे होतं त्याचा मराठीत अर्थ असा: ‘प्रीमियम’चं रूपांतर ‘प्रीमियम’मध्ये करता येत नाही.

कपाळाला हात! नाव तेच, स्पेलिंग तेच, आणि म्हणे हा तो नव्हे. दोन दिवस डोकं आपटल्यावर उलगडा झाला. जावामध्ये एखाद्या वर्गाची ओळख नुसती नावाने ठरत नाही. त्याला आत कुणी आणलं, त्या ‘क्लासलोडर’वरूनही ठरते. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलाचा क्लासलोडर वेगळा, आणि बंडल नवं आलं की क्लासलोडरही नवा. आमच्या वापरणाऱ्यांची सेशन होती टॉमकॅटकडे. त्या सेशनमध्ये आम्ही प्रीमियमची अख्खी वस्तूच ठेवून दिली होती, जुन्या बंडलाने बनवलेली. नव्या बंडलाला ती परकी. म्हणजे भावाने कुलूप बदललं तरी आपल्या खिशात जुनीच किल्ली.

बरं, ती जुनी किल्ली नुसती निरुपयोगी नव्हती. जोपर्यंत कुणीतरी जुनी वस्तू धरून बसलंय, तोपर्यंत तिच्यामागचा सगळा जुना क्लासलोडर मेमरीत अडकून राहतो. तेव्हाच्या जावामध्ये ह्यासाठी ‘पर्मजेन’ नावाचा एक ठरावीक कप्पा होता. दहा-बारा वेळा बंडल बदललं की तो भरायचा आणि सर्व्हर मान टाकायचा. (हा कप्पा २०१४ मध्ये जावा ८ आलं तेव्हा गेला. जुनं धरून बसायची सवय मात्र अजून तेवढाच त्रास देते.)

उपाय अगदी साधा निघाला. सेशनमध्ये वस्तू ठेवायचीच नाही. फक्त अर्जाचा क्रमांक ठेवायचा. लागेल तेव्हा त्या क्रमांकावरून नव्याने मागायचं.

राहिली टाकी. ‘कर’ बंडल बदलतं त्या चार-पाच सेकंदांत कुणी ‘हिशेब करा’चं बटण दाबलं तर? ओएसजीआयमध्ये सेवा येतात आणि जातात, हे गृहीतच धरायचं असतं. एखादी सेवा आत्ता आहे म्हणजे पुढच्या सेकंदाला असेलच असं नाही. कोड लिहिणाऱ्याला हे पचवणं सगळ्यात जड जातं. आपण लहानपणापासून ‘नळ सोडला की पाणी’ असाच कोड लिहीत आलेलो असतो. आम्ही प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारायला लागलो, समोरचा आत्ता जागेवर नसेल तर मी काय करीन? फॉर्मच्या बाबतीत उत्तर ठरलं. प्रत्येक रकाना भरला की तो लगेच साठवायचा. कराची सेवा नसेल तर स्क्रीनवर दाखवायचं, ‘तुमची माहिती जपून ठेवली आहे. रक्कम थोड्या वेळात येईल.’ आणि सेवा परत आली की आपोआप हिशेब करायचा.

ह्याला तीन महिन्यांच्या जागी नऊ लागले. मॅनेजरचे केस त्याच काळात पांढरे झाले असं ते अजून सांगतात.

‘कशाबद्दल, मॅडम?’

१ एप्रिल २०१२ ला सेवाकर पुन्हा १२.३६ टक्के झाला. त्या दिवशी रविवार होता. आम्ही शुक्रवारीच नवं बंडल टाकलं, तारखेप्रमाणे दर लावणारं. ऐटीत सुट्टी घेतली. सोमवारी अकरा वाजता कळलं, पावतीवर कराची रक्कम पूर्ण रुपयात करताना चूक होतेय. शाखा भरलेल्या. मार्च संपून नवं आर्थिक वर्ष लागलेलं. काउंटरवर रांगा.

तीन वर्षांपूर्वी असतं तर पुन्हा अकरा मिनिटं. ह्या वेळी मी काळी खिडकी उघडली, हात थोडे थरथरत होते, आणि दुरुस्त केलेलं बंडल टाकलं. यादीत ते एक नाव थांबलं. एक, दोन, तीन, चार... आणि पुन्हा ‘ॲक्टिव्ह’. बाकीची बावीस जागची हलली नाहीत.

मग मला राहवेना. मी सोलापूरला फोन लावला. बाई त्याच होत्या.

‘‘मॅडम, आत्ता दोन मिनिटांपूर्वी काही अडलं का? फॉर्म वगैरे गेला का?’’

‘‘कशाबद्दल, मॅडम? नाही हो. एकदा ‘रक्कम थोड्या वेळात येईल’ असं काहीतरी आलं, तोवर मी त्यांच्याकडून फोटो मागून घेतला. आली की रक्कम.’’ मग घाईघाईने, ‘‘ठेवू का? समोर लोक आहेत.’’

नऊ महिन्यांच्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद. कुणाला काही कळलंच नाही!

पुढचा काळ तर ह्या ‘कर’ बंडलाचाच होता. १ जून २०१५ ला दर १४ टक्के झाला. तो नुसता आकडा, तक्त्यात बदलला. १५ नोव्हेंबर २०१५ ला अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर आला आणि तो पावतीवर वेगळा दाखवायचा होता. म्हणजे आकडा नव्हे, नियम बदलला. १ जून २०१६ ला कृषी कल्याण उपकर. आणि मग ३० जून २०१७ च्या मध्यरात्री जीएसटी. १८ टक्के. राज्यातल्या राज्यात असेल तर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राज्याबाहेर असेल तर वेगळा. जुन्या नियमाचं नावनिशाण नाही. त्या रात्री आम्ही बंडलाच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालू ठेवल्या. अमुक तारखेच्या आधीची पावती असेल तर जुनी, नंतरची असेल तर नवी. ओएसजीआयमध्ये हे चालतं. एकाच छपराखाली जुनं-नवं दोन्ही नांदतं, ज्याला जे हवं त्याने ते मागावं. मी कोथरूडच्या घरी मांडीवर लॅपटॉप घेऊन जागी होते. साडेबाराला झोपले.

हिशेब

हे वाचून उद्या सकाळी कुणी टीम मीटिंगमध्ये ‘आपणही करू या’ म्हणून उभं राहणार असेल, तर थांबा. तोटेही सांगते.

नव्या मुलाला हा सगळा प्रकार समजायला दोन महिने लागायचे. चिठ्ठीत एक ओळ चुकली की बंडल ‘इन्स्टॉल्ड’वरच अडून बसायचं आणि कारण शोधण्यात दुपार जायची. आणि एवढा खटाटोप करून भर दिवसा चालू ॲप्लिकेशनमध्ये बंडल बदलायची वेळ वर्षातून पाच-सहा वेळाच यायची.

आज तर दुसरे रस्तेही आहेत. ॲप्लिकेशनच्या दोन-तीन प्रती चालवायच्या आणि एकेक करून बदलायच्या, म्हणजे वापरणाऱ्याला कळत नाही. मोठ्या ॲप्लिकेशनची छोटी छोटी स्वतंत्र ॲप्लिकेशनं करायची, त्यांना मायक्रोसर्व्हिस म्हणायचं. जावाने स्वतः २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीत मॉड्यूलची पद्धत आणली. ती दाराला कडी नक्की लावते, पण चालू प्रोग्रॅममधलं मॉड्यूल काढून दुसरं बसवणं हा तिचा हेतू नाही. ओएसजीआयही संपलेलं नाही. त्याचा कारभार आता एक्लिप्स फाउंडेशनकडे आहे, आणि एक्लिप्स अजूनही त्याच्यावरच उभं आहे. पण आज नवं वेब ॲप्लिकेशन सुरू करायचं झालं तर मी आधी ओएसजीआय म्हणणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

मात्र रस्ता कुठलाही घ्या, त्या नऊ महिन्यांत पडलेले प्रश्न चुकत नाहीत. पुढे काय बदलणार आहे? सामाईक किती आणि त्याचा कागद लिहिलाय का? जुनी किल्ली कुणाच्या खिशात राहिलीय? आणि समोरचा जागेवर नसेल तेव्हा माझ्या दारात टाकी आहे का? मायक्रोसर्व्हिसच्या नावाखाली ‘कॉमन’चा माळा घेऊन फिरणारी टीम मी गेल्याच वर्षी बघितली. त्यांच्याकडे एक गोष्ट बदलली की एकोणीस पडतात. फक्त आता त्या वेगवेगळ्या सर्व्हरवर पडतात.

ती कंपनी सोडून मला बरीच वर्षं झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा जुन्या टीममधल्या एकाला सहज मेसेज टाकला, ‘रात्र जागवलीस का?’ त्याचा रिप्लाय आला, ‘कशाला? एकच तर बंडल.’

गावाकडे काकांनी परवा विहिरीत नवी मोटर टाकली. जुनी काढून नवी बसवायला दीड दिवस लागला. कागदात लिहिल्याप्रमाणे त्यांनी बाबांना आठवडाभर आधी फोन केला होता. खरं तर तो कागद आता कुणी उघडून बघत नाही, सगळ्यांना पाठच झालाय. आम्ही दोन दिवस गावातच होतो. आईने भांडी घासली, माझ्या मुलीने परसातल्या झाडांना पाणी घातलं.

संध्याकाळी ती विचारत होती, ‘‘आई, मोटर बंद होती ना? मग पाणी कुठून आलं?’’